हँडल थांबवायचं नाही

फोर्ट ली, न्यू जर्सी
९ मार्च १९३७

हाल्वर,

एझरा गेला. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या सोमवारी. तुला कळवायला इतके दिवस लावले, कारण 'हाल्वरला काही लिहू नकोस' असं त्यानं मला बजावून ठेवलं होतं. तो होता तोवर मी ऐकलं. आता ऐकायचं की नाही ते माझं मी ठरवणार.

तुझा पत्ता ब्रुकलिनच्या नॉर्वेजियन चर्चच्या पाद्र्याकडून मिळाला. ड्युलूथला धान्याच्या कोठारावर कामाला आहेस म्हणाला. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाहीस, असंही म्हणाला. मी ते विचारलं नव्हतं.

छातीच्या दुखण्यानं गेला. शेवटची काही वर्षं तो हॅकेनसॅकच्या थिएटरात, वरच्या खोलीत मशीन चालवत होता. दुसऱ्यांची बोलकी चित्रं दाखवायचा. कानात कापूस घालून झरोक्यातून बघायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "लॉटी, काय बडबडतात गं ही माणसं! जरा गप्प बसली तर काहीतरी दिसेल तरी." खाली बसलेल्यांना माहीत नव्हतं वर कोण आहे ते. त्यानं पहिल्यांदा बाईचा नुसता चेहरा पडदाभर दाखवला, तेव्हा मालकाची तार आली होती, 'पगार अख्ख्या बाईचा देतोय, पाय कुठे आहेत?' ती तार तूच वाचून दाखवली होतीस, माझ्या स्वयंपाकघरात, आणि सिग्ने हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली होती.

आता कामाचं लिहिते.

न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयातून कॉर्निश नावाचा तरुण मुलगा येऊन गेला. जुनी मुकी चित्रं गोळा करतो. कंपनीनं एझराची सगळी चित्रं चांदी काढायला वितळवली, हे तुझ्या कानावर आलं असेल. एक उरलंय. नदीवरचं. तळघरात, बटाट्यांच्या पेटीमागे, डब्यांत. तिथल्या थंडीनं टिकलं असावं. कॉर्निशला ते शरद ऋतूत लोकांना दाखवायचंय, आणि सोबत एझरावर एक पुस्तिका छापायचीय. त्यानं मजकूर मला वाचायला दिला. त्यात सिग्ने बुडाल्यावर तू १९१७ च्या वर्तमानपत्रात दिलेलं वाक्य आहे. 'दिग्दर्शकाला तिच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. त्याला चित्र हवं होतं.'

मी म्हटलं, "हे छापणार?"

बिचारा टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, "मिसेस प्रॅट, मी दुसरं काय लिहू? दुसरं कुणी काही बोललंच नाही."

खरंच कुणी बोललं नाही. एझराही नाही. चौकशीत त्यानं एवढंच सांगितलं की कॅमेऱ्याचं हँडल फिरवताना थांबवायचं नाही हा नियम माझा. त्यानंतर नोकरी गेली, नाव गेलं. नवीन मुलंमुली त्याला रस्त्यात बघून बाजू बदलायची.

तू तिथे होतास. एझरा पलीकडच्या काठावर होता, तोंडाला कर्णा लावून. मध्ये पुराचं पाणी आणि आपटणारे ओंडके. त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं, एवढी एक ओळ कॉर्निशला लिहून पाठव. जास्त मागत नाही. शिवाय सिग्नेचा भाऊ तू, तिचं तुझ्याशिवाय कुणी नाही, तेव्हा चित्र दाखवावं की नाही यातही तुझा शब्द आहे.

उत्तर दे.

लॉटी प्रॅट


४ एप्रिल

हाल्वर,

तुझं कार्ड मिळालं. 'मिसेस प्रॅट, जाळून टाका. ह. नीगार्ड.'

तू आमच्या वरच्या खोलीत राहायला आलास तेव्हा तुला इंग्रजीत नीट भाकरीचा तुकडा मागता येत नव्हता. तेव्हा मी लॉटी होते. सिग्ने मागून आली, तिला माझाच निळा कोट घालून एझराकडे नेलं, तेव्हाही लॉटी होते. आता मिसेस प्रॅट झाले. बरं.

जाळायला काडी पुरेल, हे तुला मी सांगायला नको. तू आणि मी दोघांनी ती फिल्म पेटताना पाहिलीय. पाणी टाकलं तरी विझत नाही. पण मी जाळणार नाही. त्याचं एवढंच उरलंय.

राग येऊन मी दोन दिवस बागेत खणत बसले. मग बिल टोलंड आठवला. तुलाही आठवत असेल. कॉइट्सव्हिलच्या रस्त्यावर घोडागाडीचा पाठलाग चालला होता, घोडा पडला, त्याचा पाय मोडला, आणि बिलनं घाबरून हँडल सोडलं. एझरा तिथेच, सगळ्यांसमोर कडाडला, "घोडा पडला तर तू का पडलास? मी 'कट' म्हणालो? मी म्हणेपर्यंत जग बुडालं तरी हात थांबायचा नाही!" बिलला तिथून घरी पाठवलं. त्याची पेटी उचलणारा पोरगा म्हणजे तू. त्या दिवशी हँडल तुझ्या हातात आलं.

मी त्या संध्याकाळी एझराला म्हटलं होतं, की बिलचं चुकलं काय? जनावर ओरडत होतं. तो म्हणाला, "लॉटी, आमच्याकडे सगळेच ओरडतात. शेजारच्या सेटवर सुतार ठोकत असतो, इकडे मी कर्ण्यातून ओरडतो, नट ओरडतात, कुणाच्याच आवाजाचं काही होत नाही. ओरडणं ऐकून थांबायचं ठरवलं तर एक फूट फिल्म भरणार नाही."

खरं होतं ते. म्हणूनच नियम झाला. आणि तू तो सगळ्यांत चोख पाळलास. तुमच्या गावच्या चर्चमधलं ते गाणं गुणगुणत हँडल फिरवायचास, त्यामुळे तुझी गती कधी चुकायची नाही. तुझी फिल्म कापायला घेतली की मी डोळे मिटून सांगायची, ही हाल्वरची.

तू एझराला दोष देतोस, दे. नियम त्याचा होता, ते त्यानंही नाकारलं नाही. पण त्यानं ऐकलं आणि तरी चालू ठेवलं, हे तू म्हणालास. ते तू कसं म्हणू शकलास, एवढंच मला समजत नाही.

कॉर्निश या महिन्यात छोटं मशीन घेऊन येणार आहे. माझ्याच बैठकीत लावून बघू. मी हे चित्र कधी पाहिलेलं नाही. एझराची सगळी चित्रं मी कापली, मी जोडली. हे एकच त्यानं दार लावून स्वतः जोडलं आणि डब्यात बंद केलं. कंपनीनं ते लावलंच नाही.

लॉटी


२२ एप्रिल

हाल्वर,

काल पाहिलं.

कॉर्निशनं भर दुपारी खिडक्यांवर माझ्या गोधड्या लावल्या. मी मिस ओडेलला बोलावलं होतं. तू तिला विसरला नसशील. वाचनालयात पुस्तकं शिवणारी, ठार बहिरी. एकदा तिनंच एझराला पत्र पाठवलं होतं, की तुमच्या चित्रातला पाद्री लग्न लावताना नवऱ्याला ज्या शिव्या देतो, त्या आमच्या बहिऱ्यांच्या शाळेतल्या मुलींनी ओठांवरून वाचल्या. एझरा टोपी काढून तिच्या दारात माफी मागायला गेला होता. तेव्हापासून सेटवर सगळ्यांनी इंग्रजीत आणि नीट बोलायचं असा दंडक झाला, आणि प्रत्येक चित्र आधी तिला दाखवायचं ठरलं. सिग्नेला किती जाच वाटायचा! "मुक्या चित्रात उच्चार कशाला सुधारायचे?" म्हणायची.

मिस ओडेल आता थकलीय. बोलकी चित्रं आली आणि तिचं थिएटर कायमचं बंद झालं. नट पाठ करून बोलतात, तोंड फिरवून बोलतात, आणि मध्ये संवाद लिहिलेल्या पाट्या नाहीत. काल तिला इतका आनंद झाला होता, की टोपीला फूल लावून आली.

सुरुवातीला आम्ही हसलो. नायक सिग्नेच्या हनुवटीला हात लावून प्रेमाचं काहीतरी सांगतो ना, तिथे मिस ओडेल खुदखुदली आणि तिनं कागदावर लिहून आम्हाला दाखवलं. 'तो म्हणतोय, तू कांदा खाल्ला आहेस. ती म्हणतेय, तुझ्यासाठीच खाल्ला.' कॉर्निश तर लोळला.

मलाही हसू आलं. हाल्वर, ती किती लहान होती! आपल्याला तेव्हा मोठी वाटायची.

मग शेवटचं रीळ. नदी. ओंडके एकमेकांवर चढतायत आणि ती त्यांच्यावरून धावत येतेय, माझा निळा कोट घालून. पडद्यावर तो पांढरट दिसतो. ती ओरडतेय. मिस ओडेल लिहीत होती. 'वाचवा.' 'कुणी आहे का?' 'वाचवा.' एझरानं शिकवलेलं, जसंच्या तसं. मग तिचा पाय दोन ओंडक्यांमध्ये गेला.

इथे थांबते. उरलेलं उद्या.


२३ एप्रिल

पाय गेला, आणि मिस ओडेलची पेन्सिल थांबली. तिनं पुढे वाकून पाहिलं. मग लिहिलं, आणि तो कागद तिनं मला दिला, कॉर्निशला दिला नाही.

'आता ती इंग्रजी बोलत नाही. मला वाचता येत नाही.'

हाल्वर, त्या दिवशी नदीवर लाकूडतोडे होते ते सगळे क्विबेकचे. त्यांची भाषा फ्रेंच. नायक ओहायोचा. एझराला इंग्रजीशिवाय एक शब्द येत नव्हता. तिची नॉर्वेजियन समजणारा माणूस तिथे एकच होता, आणि तो तिच्याच काठावर, सगळ्यांत जवळ उभा होता.

मला आणखीही एक दिसलं, आणि ते कॉर्निशला दिसणार नाही. तिच्या ओठांवरची भाषा बदलली, आणि पुढच्याच क्षणी चित्र एकदम उजळ झालं आणि धावायला लागलं. हँडल मंदावलं की असं होतं. मी आयुष्यभर हेच बघत आलेय. तुझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. तुझा हात अडखळला. मग पुन्हा सावरला. पुन्हा तुझी तीच गती, तेच गाणं. ती ओंडक्याखाली जाईपर्यंत.

आणि त्यानंतरही. लाकूडतोडे लांब दांड्यांचे आकडे घेऊन धावतायत, आणि त्यांच्यामागून एक माणूस बिनटोपीचा, ओंडक्यांवरून पडत-उठत, पलीकडच्या काठावरून येतोय. एझरा. कर्णा टाकून आला होता. 'कट' कुणी म्हणालंच नाही, हाल्वर. म्हणणारा धावत होता. त्याचा गुडघा तिथे कायमचा मोडला. आणि तू फिरवतच राहिलास, फिल्म संपेपर्यंत.

हे सगळं एझरानं बघितलं होतं. म्हणून दार लावून जोडलं. म्हणून या एका चित्राला मिस ओडेलला बोलावलं नाही. मला तेव्हा वाटलं, लाजेनं बोलावलं नसेल.

कॉर्निश दिवा लागताच "अप्रतिम!" म्हणाला, आणि मग स्वतःच्याच शब्दानं ओशाळून मशीनची वायर गुंडाळत बसला. मिस ओडेल टोपीचं फूल काढून हातात धरून घरी गेली.

मी तुला काय म्हणू ते मला कळत नाही. म्हणून आज काहीच म्हणत नाही.


६ मे

हाल्वर,

तुझं पत्र नाही. मला अपेक्षाही नव्हती.

खरं काय ते सांगते. मागच्या मंगळवारी मी टोपी घातली, मिस ओडेलचा कागद पर्समध्ये ठेवला आणि पुलावरून जाणाऱ्या बसमध्ये बसले. कॉर्निशच्या टेबलावर तो कागद ठेवायचा आणि चित्र कुठे उजळतं ते बोटानं दाखवायचं, एवढंच काम होतं. पुस्तिकेतलं तुझं वाक्य गेलं असतं, आणि त्याच जागी तुझं नाव आलं असतं. मला ते हवं होतं. लोक एझराला खुनी म्हणत आणि मी बाजारातून मान खाली घालून येई, ती सगळी वर्षं माझ्या पर्समध्ये होती.

पुलाच्या मधोमध बस थांबली. काहीतरी मोटारींचा खोळंबा होता. खाली नदी. हीच नदी आहे ती, चित्र काढलं तिथूनच खाली वाहत येते. सिग्ने सापडेपर्यंत एझरा रोज आमच्या कड्यावर येऊन खाली बघत उभा राहायचा. मी म्हणायची, "अरे, ती इतक्या खाली कशी येईल?" तो म्हणायचा, "ओंडके येतात."

पलीकडे पोचल्यावर मी उतरले आणि परतीच्या बसमध्ये बसले.

तुला माफ केलं म्हणून नव्हे. तसं काही झालेलं नाही, आणि होईलसं वाटत नाही. पण एझरा जे वीस वर्षं बोलला नाही, ते मी एका दुपारी छापून आणलं, तर त्याचं गप्प राहणं निव्वळ मूर्खपणा ठरतं. आजारपणात एकदाच मी त्याला विचारलं होतं, तू एका शब्दानं तरी तुझी बाजू का नाही सांगितलीस? तो म्हणाला, "त्या पोराला मीच शिकवलं, लॉटी. दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर त्यानं हँडल सोडलं असतं." मला वाटलं तापात बोलतोय.

आणि दुसरं. मी सांगितलं तर तो माझा सूड होईल. ते कुणी सांगायला हवं, तुला कळतंय.

म्हणून मी शेवटचं रीळ टेबलावर घेतलं आणि कापलं. सिग्नेचा पाय ओंडक्यांत जातो तिथून शेवटपर्यंत. कॉर्निशला सांगितलं की तेवढा भाग सडला होता, फेकावा लागला. तो रडायच्या बेतात आला. मी आजवर त्या मुलाशी खोटं बोलले नव्हते. आता त्याच्या चित्रात ती धावत येते आणि तिथेच रीळ संपतं. एझराही दिसत नाही. पुस्तिकेत तुझं वाक्य तसंच राहणार.

कापलेला तुकडा या डब्यात आहे. मशीन लागणार नाही. खिडकीशी उजेडात धर आणि भिंग घे. तिचे ओठ दिसतील. ती काय म्हणाली ते मला सांगू नकोस असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला जाणून घ्यायचंय.

तू म्हणालास जाळा. मी जाळू शकले नाही. आता तो तुझ्याकडे आहे, आणि काडी कुठेही मिळते.

लॉटी


३० जून

हाल्वर,

डबा काल परत आला. पोस्टमननं हलवून विचारलं, "काय आहे हो यात, मिसेस प्रॅट? बिस्किटं?" मी हो म्हटलं.

तुझ्या ओळी मी उभ्यानंच वाचल्या. मग बसून वाचल्या. इथे पुन्हा उतरवते, म्हणजे तुला कळेल की शब्द नीट पोचले.

'लॉटी, ती मला हाक मारत होती. एझराला नाही. हाल्वर, पाय अडकलाय, मी खेळत नाहीये. असं तीनदा म्हणाली. मला पहिल्याच वेळी कळलं. मी एझराकडे बघितलं, त्यानं 'कट'चा हात वर केला नव्हता, आणि मी फिरवत राहिलो. कॉर्निशला माझ्या सहीनं सगळं लिहिलंय. हे जोड.'

मी खेळत नाहीये. लहानपणी घरी लपाछपीत असं म्हणायची का रे ती?

कॉर्निशचा सकाळी फोन आला. वाण्याच्या दुकानात मला बोलावणं आलं. त्याच्या हातात तुझं पत्र होतं. त्याला धड वाक्य जुळवता येत नव्हतं. पुस्तिका पुन्हा लिहितोय म्हणाला. मग म्हणाला, "मिसेस प्रॅट, तो तुकडा तुम्ही फेकला होतात ना?" मी म्हटलं, "उद्या ये आणि घेऊन जा." त्यानं पुढे काही विचारलं नाही. शहाणा मुलगा आहे.

एझराच्या थडग्यावर जाऊन आले. त्याला काही सांगितलं नाही. त्याला सगळं आधीच माहीत होतं.

दुपारी टेबल पुसून घेतलं आणि तळघरातून शेवटचं रीळ वर आणलं. फिल्म कितीतरी वर्षांत जोडली नव्हती. कडेचा थर ब्लेडनं खरवडायचा, लेप लावायचा, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून दाबून धरायची. घाई केली तर मशीनमध्ये सुटतं. मी दाबून धरलं. डाव्या हाताखाली इंग्रजी ओरडणारी सिग्ने होती आणि उजव्या हाताखाली तुला हाक मारणारी. वाळेपर्यंत कुणालाच सोडता येत नाही.

सांधा पडद्यावर दिसणार नाही. माझे कधीच दिसत नसत. पण मशीनवाल्यानं रीळ गुंडाळताना कडेला बोट धरलं, तर ते तिथे अडेल.

लॉटी